गिटारची ओटी

१

हर्षला तो नवस बोलली तेव्हा समोर देवी नव्हती. मोठ्या दवाखान्याचा जिना होता, ओली लादी होती आणि "बाई, तिकडनं जा, पुसलंय इथं" म्हणून ओरडणारी कामवाली होती. हर्षला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि पुटपुटली, "आई गावदेवी, माझ्या सुरभीची बोटं हलू दे. तिची ती अर्धी राहिलेली चाल पुरी होऊ दे. चैत्रात पालखीच्या आधी तुझ्या अंगणात वाजेल. तोवर मी गोड तोंडात घालणार नाय."

नवस तिला नवे नव्हते. पोशीरहून लग्न होऊन भिसेगावात आली तेव्हापासून तिचा संसार नवसांवरच उभा होता. वाल्मिकची कंपनीतली नोकरी कायम झाली ती एका नवसानं, पत्रे जाऊन घरावर स्लॅब पडला तो दुसऱ्यानं. देवी ऐकते यावर तिचा विश्वास होता, आणि या खेपेला ऐकलं नाही तरी पुढच्या खेपेला ऐकेल यावर त्याहून जास्त.

ती चाल सुरभीनं फोनवर कुणा परदेशी म्हाताऱ्याची बघून धरली होती. माणूस एक, गिटार एक, पण ऐकणाऱ्याला वाटावं दोघं वाजवतायत. अंगठा जाड तारांवर आळीपाळीनं चालायचा, एकदा या तारेवर, एकदा त्या तारेवर, न थांबता. त्याच वेळी बाकीची बोटं बारीक तारांवर गाणं म्हणायची.

"कांडणासारखं हाय की गं," हर्षला म्हणाली होती. पोशीरला ती आणि तिची आत्या एकाच उखळात पोहे कांडायच्या, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली.

"हां, पण इथं दोन्ही मुसळं एका अंगठ्यानं उचलायची, आणि वरून गाणं!" सुरभी हसली होती. "अंगठ्याला बोटांचं ऐकूच येता कामा नये आई. ऐकू आलं की तो त्यांच्या मागं पळतो. बहिराच पायजे."

चालीच्या मधोमध एक वळण होतं. तिथं बोटं उलटी पळायची आणि सुरभी दर वेळी घसरायची. घसरली की कपाळावर हात मारून पहिल्यापासून. त्या वळणापुढे ती कधीच गेली नाही. कॉलेजातून स्कूटीवरनं येताना चौक गावाच्या रस्त्याला खडीच्या डंपरनं तिला घासलं आणि तो थांबलाही नाही. उजव्या मनगटातली नस दुखावली. अंगठा तेवढा वाचला. बाकीची बोटं ओल्या फडक्यासारखी लोंबू लागली.

२

घरी आल्यावर सुरभीनं पहिलं काम केलं ते गिटार मांडीवर घेण्याचं. अंगठा धड होता, मग ती नुसता अंगठाच वाजवू लागली.

दुपारची जेवणं व्हायची, भांडी पालथी पडायची. हर्षला सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची आणि आतल्या खोलीतून सुरू व्हायचं. ठुम् टम्. ठुम् टम्. वर काहीच नाही. कुणी दारात रांगोळीचे ठिपके काढून रेघा न ओढताच उठून जावं, तसं.

"सुरे, हाताचा व्यायाम झाला का गं? चेंडू दिलाय ना दाबायला?"

"दाबला."

"कधी?"

"तू देवांना आंघोळ घालत होतीस तेव्हा. तुला काय दिसणार!"

पहिल्या पाळीहून आलेला वाल्मिक बूट काढता काढताच तापायचा. "ते खोकं कुणाला तरी देऊन टाक. रोज डोक्यात घण घातल्यासारखं. ते वाजवते म्हणून पोरीला हात आठवतो."

"आठवायला तो कुठं गेला नाय पप्पा!" आतून आवाज यायचा. "इथंच हाय. लोंबतोय."

एकदा ती दारात येऊन उभी राहिली. केस विंचरलेले नाहीत, डोळे लाल. "आई, खरं सांग. परत काय बोललीयेस का देवीला?"

हर्षला सुपातले खडे बघत राहिली.

"माझा हात हाय तो. तुझा नारळ नाय, कुणाच्या पण पायरीवर फोडायला." दार आपटलं. ठुम् टम्. ठुम् टम्.

हर्षला कुणाला उलटून बोलत नसे. तिचा राग भाकरीत जायचा. त्या दिवसांत तिच्या भाकऱ्या परातीत अशा आपटायच्या, की शेजारच्या इंदूबाई भिंतीपलीकडून विचारायच्या, "हर्षले, कुनाचं थोबाड थापतेस गं?" कुणाचं, ते हर्षलालाही सांगता आलं नसतं. डंपरवाल्याचं तर होतंच. पण त्याचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, आणि बिनतोंडाच्या माणसावर किती दिवस चिडायचं?

३

शुक्रवारी वाल्मिक सुरभीला घेऊन फिजिओथेरपीला गेला. हर्षलानं पूजा आटपली, केर काढला आणि आतल्या खोलीत आली. गिटार पलंगावर उताणी पडली होती.

तिनं तिला असं नीट कधी पाहिलंच नव्हतं. खांदे, कंबर, पोट. बाईसारखी बाई, आणि पोट रिकामं. दसऱ्याला आपण विळीला कुंकू लावतो, मिक्सरला लावतो, गाडीला हार घालतो. हिनं काय पाप केलं? पोरीनं हिला बडवलं, रडून भिजवलं, पण हिच्या कपाळी कुणी बोट टेकवलं नाही.

हर्षलानं ताट आणलं. गिटारला हळदकुंकू लावलं. तिथंच थांबली असती तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण हात एकदा त्या ताटात गेला की सवाष्णीची सगळी रीत आपोआप होत जाते. तिनं ओंजळीत तांदूळ घेतले, वर सुपारी ठेवली, हळकुंड ठेवलं, आणि ती ओंजळ गिटारच्या पोटावरच्या गोल भोकातून आत सोडली. दाणे लाकडावर सर्रकन पसरले. मग ओटी भरलेल्या बाईला उंबऱ्यापर्यंत पोचवताना जे तोंडून जातं, ते तिच्याही तोंडून गेलं.

"पुन्हा या हो."

तारा हलक्याच गुणगुणल्या. माणूस जवळ बोललं की तारा गुणगुणतात, हे सुरभीनंच तिला दाखवलं होतं. हर्षलानं ताट उचललं. अंगणातल्या तुळशीपाशी आल्यावर मात्र तिच्या मनात आलं, की आपण कुणाला बोलावलं ते नाव घ्यायचं राहिलं.

४

दुसऱ्या दिवशी सुरभीनं गिटार उचलली आणि कुंकू बघितलं.

"हे काय?"

"पूजा केली गं. आणि जरा ओटी..."

"ओटी? कुणाची?"

हर्षलानं भोकाकडे बोट केलं. सुरभीनं डाव्या हातानं गिटार पालथी धरली आणि गदागदा हलवली. "तांदूळ टाकलेस यात? आई, वेड लागलंय का तुला? सगळा आवाज फुकट जाईल!"

खाली काहीच पडलं नाही. एक दाणा नाही, सुपारी नाही, हळकुंड नाही. सुरभीनं फोनचा उजेड आत मारला. लाकूड पुसून ठेवल्यासारखं होतं.

"कुठंय तुझी ओटी?"

"उंदरानं नेलं असेल," हर्षला म्हणाली. तारांच्या मधून हळकुंड घेऊन जाणारा उंदीर तिनं पाहिला नव्हता. पण जगात आपण न पाहिलेलं पुष्कळ असतं, असं तिनं मनाला सांगितलं.

त्यानंतरच्या एका दुपारी ती सूप घेऊन बसली होती. ठुम् टम् चाललं होतं. तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून गाणं ऐकतोय. अंगठ्याच्या वर, बारीक तारांवर, हळू, चाचपडत, कुणीतरी चाल वाजवत होतं.

सूप टाकून ती धावली. तांदूळ घरभर झाले. "सुरे! हलली गं बोटं! आई गावदेवी..."

सुरभी पलंगावर बसली होती. अंगठा चालू होता, बाकीची बोटं तारांच्या खाली लोंबत होती.

"फोन बंद कर ना," सुरभी वर न बघता म्हणाली. "मला चिडवायला लावतेस का?"

"माझा फोन तिकडं चार्जिंगला हाय."

सुरभीचा अंगठा थांबला. वरचं गाणंही थांबलं. लगेच नाही. त्यानं आधी धरलेली ओळ पुरी केली.

५

हर्षलाला आधी आनंदच झाला, हे सांगायलाच हवं. देवीनं ऐकलं. पोरीचा हात चालेना, म्हणून देवी स्वतः आली. तिनं खोलीच्या दारात उदबत्ती लावली. सुरभीनं ती विझवून फेकून दिली. "तुझी देवी असती तर चुकली असती का?"

कारण ते चुकत होतं. हर्षलाच्या जिवाला पहिला चटका बसला तो इथंच. चालीच्या मधोमध त्या उलट्या वळणापाशी ते घसरायचं. सुरभी घसरायची तिथंच, तसंच. मग पहिल्यापासून. रोज एखादी ओळ जास्त सुधारायची. ते कुणीही असो, ते शिकत होतं.

आणि शिकायला त्याला अंगठा लागत होता. सुरभीचा अंगठा नसेल तर घर गप्प असायचं.

"मग वाजवू नको ना बाय," हर्षला म्हणाली.

सुरभीचा राग आता वेगळ्याच वाटेला गेला होता. "का नको? हात माझा गेला. चाल तरी पुरी ऐकू दे. वर्षभर मेले मी तिच्यासाठी." ती दिवसदिवस खोलीतून बाहेर येईना. चेंडू पलंगाखाली गेला.

इंदूबाई पेढे मागायला आल्या. "लपवतेस काय गं? पोरगी बरी झाली ना! रोज ऐकते मी. काय वाजवते! नुसती झुळझुळ. नवस फेडायचा कवा?"

"मावशी, अजून बोटं..."

"बोटांनीच वाजवते ना? का नाकानं?" इंदूबाई आपल्याच विनोदावर हसत बसल्या. म्हणजे ते भिंतीपलीकडेही ऐकू येत होतं. कानाचा भास, डोक्याचा शिणवटा, असं जे काही हर्षलानं मनाशी धरून ठेवलं होतं, ते त्या हसण्याबरोबर वाहून गेलं.

फिजिओथेरपीच्या ताई त्या आठवड्यात भडकल्या. "मागच्या वेळी हे मधलं बोट हललं होतं. मी स्वतः बघितलं. आज थंडगार आहे. घरी करताय काय तुम्ही?"

हर्षलानं ते बोट आपल्या मुठीत धरलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि बोट रांजणात बुडवून काढल्यासारखं. तिकडे चाल एकेक ओळ पुढे सरकत होती आणि इकडे हात एकेक बोट मागे. हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही. परतीच्या टमटममध्ये तिनं ते बोट भिसेगाव येईपर्यंत सोडलं नाही. तेव्हा तिला आपोआप कळलं.

६

पुढल्या दुपारी ते वळण पार झालं.

हर्षला ओट्यापाशी होती. गाणं वळणापाशी आलं आणि कुणी हाताला धरून नेल्यासारखं अलगद पलीकडे गेलं. पुढची चाल सुरभीला कधी आलीच नव्हती. ती एवढी गोड होती, की हर्षलाचे डोळे भरून आले. भिंतीपलीकडून इंदूबाई ओरडल्या, "वा गं माझी पोर!"

मग सुरभीची हाक आली. शाळेत जायच्या वयातली हाक. "आई. अंगठा थांबत नाय."

सुरभी गिटारकडून तोंड फिरवून बसली होती. डाव्या हातानं स्वतःचंच उजवं मनगट मागे ओढत होती, सगळ्या ताकदीनं, आणि अंगठा तारांवर चालतच होता. तो तिचं ऐकत नव्हता. लोंबणाऱ्या बोटांची नखं निळी पडली होती. वर गाणं झुळझुळत होतं.

हर्षलानं तारांवर तळहात दाबला. कुठलाही आवाज असाच बंद करतात, मांडणीतली पडणारी ताटं धरावीत तसा.

तळहाताखाली तारा नव्हत्या. तारांच्या आधी बोटं होती.

बारीक, कोरडी, कामात असलेली बोटं. ती दचकली नाहीत. हर्षलाचा हात लागताच ती थोडी बाजूला सरकली. पंगतीत उशिरा आलेल्या बाईला आधीची बाई जागा करून देते, तशी. बस की, तुझंच घर आहे. आणि हर्षलाच्या दोन बोटांच्या फटीतून तिला एक नख दिसलं, हळदीनं पिवळं झालेलं. बाकी तिनं पाहिलं नाही. पाहायचं नव्हतंच.

तिला भीती वाटायला हवी होती. पण आला तो राग. भाकऱ्यांत थापलेला, उपासांत गिळलेला, डंपरमागे धावून परत आलेला सगळा.

"ऊठ!" ती ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. "ओटी घेतलीस, दाणे खाल्लेस, एवढे दिवस घरात बसलीस, मी काय बोलले नाय. आता पोरीचा हात खातेस? तुझ्या बापाचा हाय का तो? ऊठ माझ्या घरातून!"

बोटं वाजवत राहिली.

हर्षलानं वाल्मिकच्या पेटीतली पक्कड आणली आणि बारीक तारा एकेक करून तोडल्या. तटकन तुटलेल्या तारेनं तिच्या गालावर ओरखडा उठला. कामावरून आलेला वाल्मिक दारात उभा होता, तोंड उघडं. बायकोच्या हातात पक्कड, गालावर रक्त, आणि पोरगी तिच्या कमरेला मिठी मारून हुंदके देतेय.

"काय झालं?"

"पाहुणी होती," हर्षला म्हणाली. "तुमी चा घ्या."

७

संध्याकाळच्या आत ती पोशीरला जाऊन आली. माहेरच्या गावदेवीसमोर, जिला नवस बोलली होती तिच्यासमोर, उभी राहिली. देवळात दुसरं कुणी नव्हतं. नवस फेडतात, लांबवतात, विसरतातसुद्धा. परत कुणी घेत नाही. तिनं कनवटीचा गुळाचा खडा काढला आणि देवीच्या डोळ्यांत बघत तोंडात टाकला. "मला चाल पुरी नको. पोरीचा हात पुरा नसला तरी चालंल, पण तो तिचा पायजे. रागवायचं तर माझ्यावर रागव." गूळ तिनं दातांनी कडाकडा फोडला. देवी रागावलेली दिसली नाही. हर्षलाला ती कधीच रागावलेली दिसली नाही.

वाल्मिकनं गिटार माळ्यावर टाकली. घर काही दिवस गप्प होतं.

मग एका दुपारी जेवता जेवता सुरभीचा अंगठा ताटाच्या काठावर चालू लागला. ठुम् टम्. ठुम् टम्. सुरभीनं घास खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. ती अंगठा चालवत नव्हती. आणि आतल्या मोकळ्या खोलीतून, काचेच्या बांगड्या एकमेकींवर हलक्या आपटाव्यात तशी, चाल सुरू झाली. पहिल्यापासून.

हर्षलानं सुरभीचं मधलं बोट चाचपलं. ते गार होत चाललं होतं.

तेव्हा तिनं तोंड उघडलं. तिला गाता येत नाही. तिनं गायला घेतलं ते गाणंही नव्हतं. भाज्यांची नावं, नातेवाइकांची नावं, डंपरवाल्याला शिव्या, जे येईल ते, बेसूर, मोठ्यानं, त्या अंगठ्याच्या ठेक्यावर. ठेक्याच्या वरची ती जागा तिनं रागारागानं भरून टाकली. आतल्या बांगड्या गोंधळल्या आणि गप्प झाल्या. तिच्या मुठीतलं बोट हललं. दाण्याएवढंच, पण हललं, आणि ते सुरभीनं हलवलं होतं.

"आई," सुरभी रडत हसली, "केवढी बेसूर हायस गं तू."

आता रोज असंच चालतं. दुपारी ठेका सुरू होतो, हर्षला हातातलं काम टाकते आणि बेसूर गाते, अंगठा थकेपर्यंत. बोट रोज थोडं जास्त हलतं. फिजिओथेरपीच्या ताई खूश आहेत. दोन बोटांत आता चेंडू राहतो, आणि हर्षलाला खात्री आहे की पावसाळा सरेपर्यंत हात सुरभीचा होईल.

एकच गोष्ट आहे. माणसाला गाताना श्वास घ्यावा लागतो. हर्षला श्वासाला थांबली, की तेवढ्या फटीत आतून पुढचा सूर वाजतो. नेमका, गोड, जिथं हवा तिथं, आणि चाल तेवढी पुढे सरकते. वाल्मिक पाळीला असतो, इंदूबाईंचं वय झालं, आणि सुरभीच्या घशातून त्या वेळी आवाज फुटत नाही.

म्हणून सांगते बायांनो, भिसेगावात कधी दुपारचं येणं झालं आणि एखाद्या घरातून नुसता ठेका आणि वर एका बाईचं आरडणं ऐकू आलं, तर हसत पुढे जाऊ नका. फाटकाशी थांबा. सूर लागो न लागो, तोंडाला येईल ते मोठ्यानं म्हणा. हर्षला करते तसं तुम्हीही करा. फार वेळ नको. तिला एक श्वास घेता येईल, एवढाच.